कौलांच्या कारखान्याचे मालक

आमचा कौलांचा कारखाना होता आणि आम्ही पेंढ्याच्या छपराखाली राहत होतो. हे मी कुणाला सांगितलं की त्याला वाटतं, म्हातारीचं काहीतरी सटकलं. सटकलेलं नाही. कारखाना खरा होता. महाडहून बिरवाडीकडे जाताना नदीच्या अंगाला त्याचं धुराडं लांबून दिसायचं. आणि छप्परही खरंच होतं. पावसाळ्यात ते इतक्या ठिकाणी गळायचं की भांडी संपल्यावर आई नारळाच्या करवंट्या मांडायची. हल्ली घरातली मुलं शेअर घेतात, आणि अमुक कंपनी एवढी मोठी असून लाभांश का देत नाही, यावर जेवताना वाद घालतात. मला कुणी विचारत नाही. विचारलं तर सांगेन, कारण या एका विषयात माझं शिक्षण लहानपणीच पुरं झालं, तेही आमच्या कापडे गावात, चुलीपुढे बसून.

बाबा मराठी सातवी पास होते. आमच्या बाजूला तेव्हा एवढ्या शिक्षणावर माणूस गावाचा सल्लागार व्हायचा. लोक बाबांकडून अर्ज लिहून घ्यायला यायचे, आणि दुसऱ्यांचे अर्ज लिहून लिहून बाबांना वाटायला लागलं होतं की सरकारदरबारचं सगळं आपल्याला कळतं. भाताची खाचरं होती, डोंगरावर थोडी वरकस जमीन होती, बैल होते, म्हैस होती. खाऊन-पिऊन बरं चाललं होतं. आईला मात्र आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे घरावर कौलं. तिचं माहेर बिरवाडीचं, घर कौलारू. लग्न ठरताना तिच्या वडलांना सांगण्यात आलं होतं की पुढच्या वर्षी आम्हीही कौलं चढवणार. हा पुढच्या वर्षाचा शब्द घेऊन ती कापड्यात आली, आणि दर मे महिन्यात छपरावर नवा पेंढा चढताना बघत राहिली. पेंढ्याला धूर धरतो, उंदीर होतात, उंदरांमागे साप येतात, आणि पहिल्या सरीला काजळीचं काळं पाणी नेमकं भाकरीच्या पिठात पडतं. ज्यांनी हे भोगलेलं नाही त्यांनाच गवताचं घर थंड असतं म्हणून त्याचं कौतुक सुचतं.

तूप, अंडी, पावट्याच्या शेंगा, जे जे विकता येईल ते विकून आईनं कौलांपुरते पैसे जमवले. बाबांनी आमच्याच वरकसातला ऐन तोडून वासे काढले, सुतार बसवून कौलांच्या मापाच्या रिपा ठोकून घेतल्या. आता फक्त खाडीत गलबतानं येणारी मंगलोरी कौलं गाडीत घालून आणायची बाकी होती. आणि नेमके त्याच उन्हाळ्यात चेअरमन पोलादपूरला आले.

ते महाडचे वकील, नव्यानं निघत असलेल्या कौलांच्या कंपनीचे चेअरमन. गोरे, शांत, आवाज असा की ऐकणाऱ्याला वाटावं आपणच हुशार झालो. देवळाच्या सभामंडपात त्यांनी शेतकऱ्यांना समजावलं की देश आता आपला आहे, तर कारखानेही आपले हवेत. सावित्रीकाठी उत्तम माती असताना आपण परमुलखातली कौलं का आणायची? मग त्यांनी एक साधा हिशेब मांडला. कौलं विकत घ्याल तर एक छप्पर होईल आणि पैसे संपतील. कौलांच्या कंपनीचे शेअर घ्याल तर दर वर्षी लाभांश येईल, त्यातून कौलं येतील, आणि कारखाना तुमचाच राहील. बाबा घरी आले ते मालक होऊनच. आईचे पैसे त्यांनी डब्यातून काढले तेव्हा तिनं एवढंच विचारलं की या पावसाळ्याचं काय. बाबा म्हणाले, एका पावसाळ्यानं कुणी मरत नाही.

तर कौलांसाठी ठोकलेल्या त्या देखण्या रिपांवर त्या वर्षी पेंढा चढला. शेजारी आमचे एक चुलते राहत. त्यांनी शेअर घेतले नव्हते, कारण त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. ते अंगणात उभे राहून छपराकडे बघत म्हणाले की नवरा मुलगा घोड्यावर बसला खरा, पण मुंडावळ्या गवताच्या आहेत. बाबा हसले. मालकाला असलं बोलणं लागत नाही.

पहिल्या वार्षिक सभेला बाबा काळा कोट घालून महाडला गेले. सभा शाळेच्या सभागृहात होती, बटाटेवडा होता, चहा होता. लाभांश नव्हता. यंत्राचं कर्ज होतं, ते आधी फेडायला हवं, असं चेअरमननी सांगितलं. बाबांनी ते घरी येऊन आईला सांगितलं. कर्ज फेडू नये असं कोण म्हणेल? पुढच्या सभेत कळलं की एक भट्टी पुरत नाही, दुसरी बांधायची आहे, म्हणून नफा तिच्यात घालायचा. त्यानंतर गंगाजळी नावाची एक चीज निघाली. अडीअडचणीला असावी म्हणून कंपनी बाजूला काढून ठेवते ती शिल्लक म्हणजे गंगाजळी. हा शब्द बाबांना इतका आवडला की ते घरात उगाचच तो वापरायचे. आईनं तुपाची बरणी वर ठेवली तर ती गंगाजळी, मी परकरात चिंचा लपवल्या तर ती गंगाजळी. मग ट्रक घ्यायचा होता. मग एका वर्षी कर्ज नव्हतं, भट्टी बांधून झाली होती, ट्रक दारात उभा होता, तेव्हा चेअरमन म्हणाले की यंदा लाभांश देता येईल, पण एकदा दिला की लोकांना सवय लागते, आणि पुढच्या वर्षी कमी दिला तर कंपनी बुडाली अशी बोंब होते. तेव्हा न दिलेलाच बरा. बाबांना हेही पटलं. मला वाटतं, त्याच न्यायानं जेवायला घालायचंही बंद केलं असतं तर तेही त्यांना पटलं असतं.

चेअरमन चोर नव्हते, हे मात्र सांगायला हवं. चोर असते तर फार बरं झालं असतं. चोराला शिव्या घालून माणूस मोकळा होतो. इथे प्रत्येक कारण खरं होतं. भट्टी खरोखर बांधली जात होती, ट्रक खरोखर पळत होता, कौलं रत्नागिरीपर्यंत जात होती, आणि शेअरची किंमत वाढत होती. म्हणजे बाबा दर वर्षी श्रीमंत होत होते. फक्त ती श्रीमंती कंपनीच्या पोटात होती, आणि कंपनी जेवत होती तोवर आम्ही पानावर बसून वाट बघायची, एवढाच करार होता. मुंबईला गिरणीत असलेले माझे मामा एकदा म्हणाले की दाजी, लाभांश देत नाहीत तर चार शेअर विका, भाव चढलाय, हाच तुमचा लाभांश समजा. मामांचं म्हणणं अगदी बरोबर होतं, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. बाबांना ते तेव्हाही कळलं नाही आणि पुढेही नाही. आमच्याकडे जमीन विकणारा माणूस लग्नाकार्यात मान खाली घालून बसतो. बाबांच्या लेखी शेअर ही जमीनच होती, आणि सातबाऱ्यावरचं नाव आपल्या हातानं कोण पुसतं? लक्ष्मीपूजनाला ते त्या कागदांना हळदकुंकू वाहायचे, अक्षता टाकायचे, आणि मला नमस्कार करायला लावायचे. वर्षावर वर्षं कुंकू लागून त्या कागदांवरचा कंपनीचा शिक्का पार दिसेनासा झाला होता.

एका वर्षी कंपनीनं प्रत्येक भागधारकाला एक-एक कौल भेट दिलं. पाठीवर कंपनीचं नाव उठवलेलं, छान लालभडक. बाबांनी ते पंच्यात गुंडाळून एस्टीत मांडीवर घेऊन आणलं, जणू तान्हं मूल. आईनं ते उलटंपालटं करून बघितलं आणि कोंबड्यांच्या खुराड्यावर ठेवलं. आमच्या मालकीच्या कारखान्याचं कौल आमच्या घरात पहिल्यांदा मिळालं ते कोंबड्यांना.

आता शाकारणीचं सांगते, म्हणजे छपरावर नवा पेंढा घालण्याचं. ते एका घराचं काम नव्हे. आमच्याकडे पद्धत अशी होती की मे महिन्यात सगळी आळी मिळून एकेक घर शाकारायची. आज तुमचं, उद्या आमचं, परवा वरच्या घराचं. पुरुष वर चढायचे, बायका पेंढ्या वर फेकायच्या, ज्याचं घर त्याच्याकडे जेवण. मजुरी नाही. तुम्ही माझ्या छपराला हात लावला की मी तुमच्या छपराला लावणार, एवढाच हिशेब, आणि तो त्याच महिन्यात चुकता व्हायचा. या कंपनीला चेअरमन नव्हता, गंगाजळी नव्हती, आणि हिनं कधी लाभांश बुडवल्याचं मला आठवत नाही.

पण मग आमच्याच कारखान्यानं कौलं स्वस्त केली. गलबताचं भाडं नाही, दलाल नाही, आणि हंगामाच्या शेवटी उरलेला माल तर अर्ध्या किमतीत. कापड्यातल्या लोकांनी भाताचे पैसे आले की कौलं आणायला सुरुवात केली. आधी चुलत्यांचं घर कौलारू झालं, मग वरचं, मग खालचं. ज्यांच्याकडे एकही शेअर नव्हता त्यांच्या डोक्यावर कंपनीचं नाव, आणि आम्ही मालक पेंढ्यात. बाबांना विकत घ्या म्हटलं तर ते म्हणायचे की मालकानं आपलाच माल पैसे मोजून घ्यायचा ही कुठली रीत, आणि आता इतकी वर्षं थांबलो, लाभांश आज ना उद्या येणारच. खरं म्हणजे पैसेही नव्हते. म्हैस म्हातारी झाली होती आणि डबा रिकामा होता.

ज्याच्या घरावर कौलं चढली त्याला शाकारणी उरली नाही. आणि ज्याला शाकारणी नाही तो दुसऱ्याच्या शाकारणीला कशाला येईल? कुणी वाईट वागलं नाही. चुलते पहिल्या वर्षी आले, दुसऱ्या वर्षी त्यांनी मुलाला पाठवलं, तिसऱ्या वर्षी त्यांना त्याच दिवशी पोलादपूरला काम निघालं. आई तरी कोणत्या तोंडानं बोलावणार, जेव्हा परत फेडायला त्यांच्याकडे पेंढ्याचं छप्परच उरलं नव्हतं? शेवटी आख्ख्या आळीत पेंढ्याचं घर आमचं एकटं राहिलं. त्या मे महिन्यात बाबा एका बाजूला चढले आणि दुसऱ्या बाजूला आई. कासोटा घालून, तोंडात दोरी धरून, माझी आई छपराच्या आढ्यावर बसली होती आणि खालून जाणारे लोक नजर वळवून जात होते. मला तिची लाज वाटली नाही, बाबांचा राग आला. तो अजून पुरता गेलेला नाही.

दोन माणसांनी शाकारलेलं छप्पर जसं असायचं तसंच ते होतं. श्रावणात मागची बाजू खचली आणि कणगीतलं भात भिजलं. त्या वर्षी नवरात्राआधी सभेची तारीख आली तेव्हा आईनं सांगितलं की मीपण येणार. बाबा म्हणाले, बायका नसतात तिथे. आई म्हणाली, कौलं वाहायला असतात. मग आम्ही तिघंही गेलो.

सभेत बाबांना पहिल्या रांगेत खुर्ची होती. चेअरमननी स्वतः हात धरून बसवलं, प्रकृतीची चौकशी केली. कोल्हा काकडीला राजी म्हणतात तसं बाबांचं झालं होतं. तेवढ्यानं त्यांचा चेहरा फुलला. हिशेब वाचून झाले. यंदा तिसरी भट्टी. आई मागे भिंतीशी माझ्याजवळ उभी होती, ती तिथूनच बोलली.

"मी शेअरवाली नाय, शेअरवाल्याची बायको हाय. येक विचारू?"

चेअरमन म्हणाले, अवश्य विचारा.

"पैसे नसतील तर नको. कौलं द्या. आवारात रचून ठेवलीत त्यातली."

लोक हसले. चेअरमन हसले नाहीत, ते सभ्य होते. त्यांनी समजावलं की कायद्यानं तसं देता येत नाही, आणि मग म्हणाले, "बाई, तुम्ही शेतकरी आहात, तुम्हाला सांगायला नको. आंब्याचं कलम लावलं की सुरुवातीची काही वर्षं मोहोर खुडून टाकतात. झाडाला जोर यावा म्हणून. कंपनीचंही तसंच असतं."

"खुडतात, म्हाईत हाय मला," आई म्हणाली. "पन ज्याचं कलम तोच खुडतो, आनि कवा थांबायचं तेबी तोच ठरवतो. आमचं कलम तुमच्या दारात, आनि मोहोर तुमी खुडताय. तुमच्या घरावर कौलं हायत का?"

"आहेत."

"ती शेअरातनं आली का पगारातनं?"

सभागृहात कुणीतरी खोकलं. चेअरमननी चष्मा पुसला आणि शांतपणे सांगितलं की त्यांना मिळतं ते मानधन, आणि ते याच सभेनं दर वर्षी मंजूर केलेलं आहे. हेही खरंच होतं. ज्याचं घर मानधनावर चालतं त्याला लाभांशाची घाई नसते, हे काही त्यांचं पाप नव्हे. मग चिटणीसांनी ठराव वाचला: चालू सालचा नफा विस्ताराकडे वर्ग करावा, लाभांश वाटू नये. चेअरमननी विचारलं, अनुमोदन? आणि पहिल्या रांगेकडे बघितलं, रोजच्या दूधवाल्याकडे बघावं तसं.

बाबा उभे राहिले. एकदा त्यांनी मागे, आमच्याकडे बघितलं. मग कोटाचं बटण लावत घोकलेल्या आवाजात म्हणाले, "माझे अनुमोदन आहे."

आईला वाटत आलं होतं की लाभांश देत नाहीत ते महाडचे मोठे लोक. दर वर्षी तो नको म्हणून उभा राहणारा माणूस आपलाच आहे, हे तिला त्या दिवशी कळलं. चहा न घेता ती बाहेर गेली. परतीच्या गाडीत बाबा तिला समजावत होते की कुणीतरी अनुमोदन द्यावंच लागतं, त्याशिवाय ठराव पुरा होत नाही, आणि एवढ्या लोकांतून आपल्याला तो मान मिळतो. घरी आल्यावर तिनं चूल पेटवली, पाणी ठेवलं, आणि मगच बोलली.

"मालकाला ती कंपनी काय देत नाय. मजुराला दर शनवारी देते. मग मी मजूरच होनार."

दिवाळी झाली, भात झोडून झालं, आणि आई बिरवाडीला मावशीकडे राहायला गेली. तिथून ती रोज कारखान्यावर जायची. डोक्यावर चुंबळ ठेवून वाळलेली कौलं भट्टीशी न्यायची आणि भाजलेली आवारात आणायची. मुकादमाशी तिनं ठरवून घेतलं होतं की मजुरीतले निम्मे पैसे रोख आणि निम्म्याची कौलं, तीही थोडी वाकडी झालेली, जास्त भाजलेली, जी गिऱ्हाईक घेत नाही. मुकादमाला ते सोयीचंच होतं. लाभांश म्हणून मागितली तेव्हा जी कौलं कायद्यात बसत नव्हती, ती मजुरी म्हणून लगेच बसली. कंपनीच्या दारात उभ्या असलेल्या लोकांची एक रांग असते. आधी मजूर, मग सावकार, मग सरकार, मग साहेब, आणि सगळ्यांच्या पाठीमागे मालक. आई फक्त रांगेच्या पुढच्या टोकाला जाऊन उभी राहिली.

इकडे बाबांची पंचाईत झाली. मालकाची बायको कारखान्यावर ओझी वाहते हे गावात सांगायचं कसं? ते सांगायचे की तिचे गुडघे धरलेत, सवच्या गरम पाण्याच्या झऱ्यावर गेलीय. गुडघ्यांना उतार पडायला इतके महिने लागतात का, असं लोक काळजीनं विचारायचे. स्वयंपाक मी करायचे, आणि मीठ कमी-जास्त झालं तरी बाबा काही बोलायचे नाहीत. आई महिन्यातून एकदा यायची. तिचे हात मी बघितले होते. बोटांची टोकं विटकरी झाली होती आणि तळव्यांना उभ्या भेगा पडल्या होत्या. ती भाकरी थापायला बसली की पिठाला लाल कड यायची. मी रडले तर म्हणाली, "रडू नको गो, तेल दे जरा."

वैशाखात कौलांनी भरलेली बैलगाडी आमच्या अंगणात आली. सवच्या पाण्यात कौलंही निघतात हे गावाला त्या दिवशी कळलं. चुलत्यांनी आपणहून येऊन ती चढवून दिली. पुरली फक्त पुढच्या उताराला. मागच्या उतारावर पुन्हा पेंढा पडला, पण समोरून बघणाऱ्याला घर कौलारू दिसायचं. पाऊस लागला त्या दिवशी आई ओटीवर बसून नुसती वर बघत होती. मागच्या खोलीत करवंट्यांत पाणी टपटपत होतं, आणि ती म्हणत होती, पुढच्या हंगामात तेवढंही होईल.

पुढच्या सभेला आई आली नाही. बाबांनी मला बरोबर घेतलं. तिथे गेल्यावर दिसलं की हवा निराळी आहे. दाराला तोरण होतं, वड्याबरोबर जिलबी होती. चेअरमननी उठून जाहीर केलं की भागधारकांनी इतकी वर्षं जो धीर धरला त्याचं फळ म्हणून कंपनी यंदा लाभांश देणार आहे. टाळ्या पडल्या. कारण मागाहून हळूच कळलं: माणगावकडे दुसरा कारखाना काढायचा होता, त्यासाठी नवे शेअर विकायचे होते, आणि नव्या गिऱ्हाइकाला दाखवायला जुन्या गिऱ्हाइकाचं हसू लागतं. मग चिटणीसांनी पैशाची तजवीज कशी केली ते वाचलं. कोळशात बचत, प्रवासखर्चात बचत, आणि येत्या हंगामापासून ओझेवाल्या बायकांचा दर कमी. बायका बिरवाडीहून पाहिजे तितक्या मिळतात, असंही त्यात होतं.

"अनुमोदन?" चेअरमननी विचारलं, आणि नेहमीप्रमाणे पहिल्या रांगेकडे बघितलं. त्या दिवशी बघताना ते खरोखर प्रेमानं हसले. ज्या माणसानं वर्षानुवर्षं नाहीला हात वर केला, त्याला आज होचा मान द्यावा, असा त्यांचा चांगलाच हेतू होता.

बाबा उठले. बटणाला त्यांनी हात लावला नाही.

"माझा विरोध हाय," ते म्हणाले.

सभेतली त्यांची ती 'आहे'वाली भाषा कुठे गेली कोण जाणे. चेअरमनना वाटलं, बाबांचा गोंधळ झाला. त्यांनी सावकाश सांगितलं की हा ठराव लाभांश देण्याचा आहे, न देण्याचा नाही.

"समजलं साहेब," बाबा म्हणाले. "ती ओझेवाली बाय माझ्या घरची हाय. तुमी तिच्या डोक्यावरनं काढताय आनि माझ्या हातात ठेवताय. मला नको."

एवढ्या लोकांसमोर त्यांनी ते सांगितलं. गावात इतके महिने ज्याला गरम पाणी म्हणत होते, ते भर सभेत ओझं म्हणून सांगितलं. माझ्या कानशिलांतून ऊन वाफा निघाल्या, आणि तरी मला उभं राहून ओरडावंसं वाटलं की हे माझे बाबा आहेत. मागच्या रांगेतून कापडाचे एक दुकानदार चटकन उभे राहिले आणि त्यांनी अनुमोदन दिलं. विरोधात एकच हात होता. ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. पुढच्या वर्षी पहिल्या रांगेत ते कापडवाले बसले, हे सांगायला नको.

आम्ही घरी पोचलो तेव्हा आई अंगणात पावटे सोलत होती. काय ठरलं, म्हणून तिनं मान वर न करता विचारलं.

"लाभांश मिळनार," बाबा म्हणाले. "ओझ्याचा दर उतरवून."

आईचे हात थांबले. मग मी राहवलं नाही म्हणून सांगून टाकलं की बाबांनी विरोध केला, एकट्यानं, उभं राहून. तिनं बाबांकडे बघितलं. मग हसायला लागली. डोळ्यांना पदर लावून हसत होती, आणि मला कळेना की हसतेय की काय करतेय.

"इतकी वर्सं मिळत नव्हता तवा व्हय म्हनलात," ती म्हणाली, "आनि आज मिळतोय तर नको म्हनलात."

बाबा तिच्यासमोर बसले आणि पावट्याच्या शेंगा सोलायला लागले. हे काम त्यांनी जन्मात केलं नव्हतं.

लाभांश आला, मनीऑर्डरीनं, पोस्टमनच्या चहापुरता. दिवाळी झाल्यावर बिरवाडीला जायची वेळ आली तेव्हा मी चुलत्यांच्या घरी राहायला गेले, कारण आमचं घर बंद झालं होतं. बाबांनी कोट खुंटीला टांगून ठेवला आणि आईनं त्यांच्यासाठी जुन्या लुगड्याची चुंबळ करून दिली. दर उतरला होता, त्यामुळे मागच्या उताराची कौलं आणायला दोघांची डोकी लागली.